महबूबचाचांच्या जागी

महबूबचाचा गेले ते दिवाळीच्या आधी, टेंभुर्णीला, लेकीच्या घरी. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. दफनही तिथंच झालं. आम्ही सगळे जाऊन आलो, रडून आलो. अजून घरात कुणी मोठ्यानं हसतही नव्हतं, तोवर त्यांच्या मोबाइलवर कंपनीचा निरोप आला. 'महबूबसाहेब, आपल्या वार्षिक आरोग्य तपासणीची तारीख ठरली आहे. स्वतः हजर राहावे. हजर न राहिल्यास आपले व आपल्या पत्नीचे विमा संरक्षण स्थगित होईल.'

मी तो सरदारबीचाचीला वाचून दाखवला. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "बोल उनको, तबियत एकदम ठीक है. अब कुछ नहीं होता उनको." आणि हसली. मग पदर तोंडात धरून रडली.

मी दिपाली. चाचीची रक्ताची कुणी नाही, पण आमची भिंत आणि तिची भिंत एकच. माझं निम्मं बालपण तिच्या चुलीपुढं गेलं. माझे अप्पा, सिदू बिरप्पा, आणि महबूबचाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एकाच टॉवेल कंपनीत. अप्पा मागावर, चाचा रंगखात्यात. दोघं एका सायकलवरून जायचे. जाताना एक हाणायचा, येताना दुसरा. मी आता शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगचा हिशेब बघते. सासर दोन गल्ल्या पलीकडं, त्यामुळे लग्न होऊन मी लांब गेले असं कुणी म्हणणार नाही. मोबाइल आल्यापासून तर मुळीच नाही. गल्लीतल्या रिटायर झालेल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा फोन माझ्या हातून जातो. नळाला पाणी आलं की बायका जशा ओरडतात, तसे हे ओटीपी आला की ओरडतात.

कंपनीच्या जुन्या मालकांचं मी फार कौतुक करणार नाही, पगाराला ते कवडीचुंबकच होते. पण त्यांनी एक शब्द दिला होता आणि पाळला होता. कंपनीत म्हातारा झालेल्या माणसाचा आणि त्याच्या बायकोचा दवाखाना मरेपर्यंत कंपनीचा. खिशात एक कार्ड असायचं, दवाखान्यात दाखवायचं, काम व्हायचं. चाचीच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा त्या कार्डानंच तिला धरून ठेवलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सोमवार आणि गुरुवार.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांचं ऑफिस कुठं आहे ते अजून मला माहीत नाही. त्यांनी गोड भाषेत कळवलं की विमा चालूच राहील, फक्त पद्धत बदलली आहे. या 'फक्त'चा मला आजही संताप येतो. कार्ड गेलं, मोबाइल आला. नवरा जिवंत असेतोवरच बायकोचा विमा. वर्षातून एकदा नवऱ्यानं तपासणीला जायचं, कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं, आपण आहोत हे दाखवायचं. आणि आधी उपचारांसाठी वर्षाला नवऱ्याची रक्कम वेगळी, बायकोची वेगळी असायची, ती आता दोघांत एकच. आई म्हणाली, "म्हंजी दोगांत एक घागर. एकानं सांडली की दुसरं कोरडं." माझ्या आईला, केराबाईला, लिहिता येत नाही. पण आम्हा सगळ्यांना पत्रक समजलं ते तिच्या या घागरीनं.

गुरुशांतकाका आमच्या ओट्यावर आले ते या निरोपासाठीच. ते कंपनीत जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी चार माणसं दिसली की त्यांना वाटून द्यायला काम लागतं.

"बदली टाकायची की," ते म्हणाले. "त्यात काय एवढं?"

बदली म्हणजे काय, हे इथल्या जुन्या कामगाराला सांगावं लागत नाही. गिरण्यांपासूनची रीत. प्रत्येकाचा तिकीट नंबर असायचा. एखाद्याला यायला जमलं नाही की तो आपल्या तिकिटावर दुसऱ्याला पाठवायचा. माग चालला पाहिजे, माणूस कुठला का असेना. अप्पा हुलजंतीच्या जत्रेला गेले की चाचा त्यांच्या तिकिटावर उभे राहायचे. ईदला अप्पा रंगखात्यात जाऊन हात निळे करून यायचे. जॉबर डोळेझाक करायचा. तो जॉबर म्हणजे हेच गुरुशांतकाका.

पण या रितीला एक काळी बाजू होती आणि तीही सगळ्यांना ठाऊक होती. प्रभु नावाचा एक बदलीवाला होता. दुसऱ्याच्या तिकिटावर उभा असताना त्याचं बोट यंत्रात गेलं. नोंद झाली ती तिकीटवाल्याची. भरपाईही तिकीटवाल्याला. बोट एकाचं गेलं आणि कागदावर दुसऱ्याचं. प्रभु पुढं किती वर्षं तो तुटका हात दाखवत फिरायचा आणि कुणाला पटायचं नाही. लहानपणी मला या गोष्टीचं हसू यायचं.

"ही फसवणूक आहे काका," मी म्हणाले. "पोलीस केस होईल."

"फसवणूक पयली कुणी केली ग?" काका भडकले. "मरेपर्यंत म्हणून शब्द कुणी दिलता? आमी का त्यांनी? आणि मरेपर्यंत म्हंजी कुणाच्या मरेपर्यंत? सरदारबी जित्ती हाय की!"

"त्यांना कळलं तर?"

"त्यांना महबूब कोण ते तरी ठाव हाय का? चेहरा तरी बगितलाय का कुणी?"

अप्पा इतका वेळ तंबाखू मळत बसले होते. त्यांनी ती तोंडात टाकली नाही. तळहातावर तशीच धरून म्हणाले, "मी जातो. माज्या तिकिटावर तो कितीदा हुबारला. आता मी त्याच्या."

चाची उंबऱ्यात उभी होती. "नक्को सिदूभाई," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. डायलिसिस थांबलं तर काय होतं, हे तिनं शेजारच्या खाटेवर बघितलं होतं. तिला जगायचं होतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?  मलाही ती हवी होती.

तपासणीच्या दिवशी चाचीनं अप्पांना चाचांची विणलेली टोपी घातली, चष्मा दिला. अप्पा रोज अंघोळ झाली की कपाळाला भंडारा लावतात, बिरोबाची हळद. आईनं तो पदरानं पुसला आणि वर बघून म्हणाली, "देवा, तू बगितलं न्हाईस म्हन." आम्ही हसलो. मला मात्र ते पुसलेलं कपाळ बघवलं नाही. अप्पांचा चेहरा त्याच्याशिवाय मी कधी पाहिलाच नव्हता.

मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेले. तपासणी केंद्रातल्या मुलीनं चाचांचं आधार कार्ड बघितलं, अप्पांकडं बघितलं. परत कार्डाकडं बघितलं. पण आधारच्या फोटोत कुणीच स्वतःसारखं दिसत नाही, हा या देशाचा म्हाताऱ्यांवर केवढा उपकार! ती म्हणाली, "काका, इथं बघा. डोळे मिटा. उघडा. मान डावीकडं. उजवीकडं." अप्पा लहान मुलासारखं सगळं करत होते. पडद्यावर हिरवी खूण आली. 'महबूब. चेहरा नोंदला गेला.'

मग रक्त घेतलं, छातीला वायरी लावल्या, फिरत्या पट्ट्यावर चालवलं. अप्पा थोडंसंच चालले आणि पट्टा थांबवायला लावला. तिथला डॉक्टर यंत्रातून निघालेल्या कागदाकडं जरा जास्त वेळ बघत राहिला. "कधीपासून दम लागतो, महबूबकाका?" त्यानं विचारलं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "न्हाय ओ. काय न्हाय."

घरी आल्यावर चाचीनं शीरखुर्मा केला. गुरुशांतकाका म्हणाले, "बगितलंस? जॉबरची अक्कल." चाचीचं त्या गुरुवारचं डायलिसिस सुरळीत झालं. मंजुरी आली ती महबूबच्या नावावर.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात चाचांच्या मोबाइलवर आला. मी वाचला, परत वाचला आणि मग चाचीला वाचून दाखवला. हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असण्याची दाट शक्यता. तातडीने हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे. वर नाव महबूब.

"मरने के बाद बीमार पडे," चाची पुटपुटली. मग तिच्या लक्षात आलं ते कुणाचं हृदय आहे. तिनं कानाला हात लावून तौबा केली. मला प्रभुचं बोट आठवलं आणि आता त्याचं हसू आलं नाही.

मी म्हटलं, ठीक आहे. अप्पांचा स्वतःचा विमा आहे, त्यांची स्वतःची तपासणी पुढच्याच महिन्यात आहे. त्यात हेच निघेल, त्यांच्या नावावर निघेल, मग उपचार करू. किती सोपं वाटलं होतं! डिसेंबरात भंडारा लावून, स्वतःचं आधार कार्ड घेऊन अप्पा त्याच केंद्रात गेले. मुलगी दुसरी होती. इथं बघा, डोळे मिटा, उघडा. पडद्यावर लाल खूण आली. 'हा चेहरा आधीच नोंदलेला आहे.'

मुलीनं परत प्रयत्न केला. परत लाल. "होतं कधी कधी काका, मशीन चुकतं," ती म्हणाली. मशीन चुकलं नव्हतं. हे माहीत असलेली माणसं तिथं दोनच होती, अप्पा आणि मी.

घरी येताना अप्पा स्कूटरवर मागं बसून म्हणाले, "तिकीट परत देता येत हुतं ग. संध्याकाळी ज्याचं त्याला. चेहरा कसा परत मागायचा?"

ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. शिकलेल्या चोरानं तर नाहीच. यंत्रापुढं एकदा उभं राहिलं की पाळी संपली आणि आपण मोकळे, असं गिरणीच्या माणसालाच वाटू शकतं. अप्पांच्या नावापुढं 'पडताळणी सुरू आहे' असं आलं. मी तक्रार केली, फोन केले, मेल केले. पडताळणी सुरूच राहिली. खरं सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर त्याच दिवशी चाचीचं डायलिसिस बंद झालं असतं.

"मी माझ्या पैशानं तपासणी करते," मी अप्पांना म्हणाले. "नाही तर सरळ महबूब म्हणून चला. रिपोर्ट तयार आहे."

त्यावर अप्पा जे चिडले, तसे मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "महबूबच्या नावाला हात लावायचा न्हाय. घागर तिची हाय. माज्या ऑपरेशनात ती सांडली तर तिनं काय करायचं? मला काय झालं तर माजंच नाव सांगायचं. शपथ घे." मी शपथ घेतली नाही, पण नाही असंही म्हणाले नाही. तपासणीचं विचारलं की म्हणायचे, संक्रांतीला गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग जाऊ. मी एकदा डॉक्टरची वेळ घेतली, तर हे सकाळीच गावाकडं मेंढरं बघायला पसार. रोग परवडला पण हा रोगी नको, असं मी आईला म्हणाले.

आणि मग त्या बाईचे फोन सुरू झाले.

कंपनीनं धोका जास्त असलेल्या माणसांसाठी म्हणे खास नर्स ठेवली होती. दर बुधवारी चाचांच्या मोबाइलवर फोन यायचा. आवाज इतका मऊ, की ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. "महबूब सर, कसे आहात? आज छातीत दुखलं का?" पहिल्यांदा चाची घाबरली आणि तिनं फोन अप्पांच्या हातात दिला. तेव्हापासून बुधवार आला की अप्पा टोपी घालून चाचीच्या घरात जाऊन बसायचे. फोनवर कुणाला टोपी दिसते? पण ते घालायचे.

एका बुधवारी मी चाचीकडं डबा द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आतून अप्पांचा आवाज आला.

"दुकतंय बाय. व्हय, डावीकडं. हात बी जड पडतोय. काल जिना चढताना डोळ्यांपुढं अंदारी आली. भ्या वाटतंय. न्हाय, घरात कुणाला सांगितलं न्हाय. बायकोला झोप लागायची न्हाय. पोरीला त्रास नगो."

मी डबा घेऊन तशीच उभी राहिले. सकाळीच मी त्यांना विचारलं होतं, अप्पा, दम लागतोय का? तर म्हणाले होते, काय न्हाय. आम्हाला सिदूची तब्येत ठणठणीत होती. खरं दुखणं होतं ते महबूबचं, आणि ते एका न पाहिलेल्या बाईला ठाऊक होतं. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते आजही सांगता येत नाही. स्पीकरवर त्या मऊ आवाजात ती म्हणाली, "नोंद केली आहे सर."

त्याच संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं.  ती उठून चाचीकडं गेली आणि रोजच्यासारखी तिच्या पायाशी बसली. ही आईची मोजायची पद्धत. चाचीच्या पावलावर अंगठा दाबायचा. खळगा पडतो. लगेच भरला तर पाणी कमी, हळू भरला तर पाणी चढलंय. डॉक्टर वजन करतो, आई अंगठा लावते, आणि दोघांचं जुळतं. "आज बरं हाय," आई म्हणाली. मग तिथंच बसून तिनं विचारलं, "सरदारबी, ह्यास्नी लई दुकतंय का ग?" चाचीनं मान खाली घातली. तिला माहीत होतं. समोर बसूनच तर ते बोलायचे.

"मी लाख बोली, केराक्का," चाची म्हणाली. "बोली, मेरे नाम का मत सोचो. सुनते नहीं."

गड्ड्याची जत्रा संपली. पाळणे उतरवून ट्रकमध्ये भरत होते त्या दिवशी, भर दुपारी, अप्पा अंगणात बादली उचलायला वाकले आणि खाली बसले. उठले नाहीत. अंगाला घाम सुटला होता, ओठ काळे पडत होते. गुरुशांतकाकांनी रिक्षा आणली. मी अप्पांना धरून बसले, आई त्यांच्या पायाशी. रिक्षा सुटणार इतक्यात चाची आली. सोमवारी डायलिसिस झालं होतं, पायात त्राण नव्हतं, तरी घराला कुलूप घालून आली आणि पुढं रिक्षावाल्याच्या शेजारी बसली. तिच्या मुठीत चाचांचा मोबाइल होता. मी तो बघितला आणि नजर वळवली.

विम्याच्या यादीतल्या दवाखान्यात आम्ही पोचलो. अप्पांना स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि म्हणाला, वेळ घालवू नका, लगेच घ्यावं लागेल. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी अप्पांकडं बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडंच बघत होते.

"सिदू बिरप्पा," मी म्हणाले.

त्यानं टाइप केलं. "पडताळणी सुरू आहे असं दाखवतंय. विमा चालणार नाही. आधी पैसे भरावे लागतील." त्यानं आकडा सांगितला. मी आणि माझा नवरा सगळं विकूनही त्या दुपारी तेवढे उभे राहिले नसते. दुसऱ्या योजनेचं विचारलं, तर म्हणाला, मंजुरीला वेळ लागतो. आत डॉक्टर घाई करत होता. मी नुसती उभी. 

चाची आईजवळ गेली. हळू म्हणाली, "केराक्का, बोलू?"

आईनं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या सुजऱ्या पायांकडं. घागरीचा हिशेब आईनंच आम्हाला शिकवला होता. हो म्हणायला तिचं तोंड उघडेना आणि नाही म्हणायलाही उघडेना. ती फक्त स्ट्रेचरपासून एक पाऊल मागं सरली. नवऱ्याच्या उशापासून. माझ्या आईनं आयुष्यात टाकलेलं सगळ्यात जड पाऊल ते.

चाचीनं आपल्या पदरानं अप्पांच्या कपाळावरचा भंडारा पुसला. अप्पा मान हलवत होते, "नगो, सरदारबी, नगो," पण आवाज ओठांतच राहत होता. मग ती काउंटरकडं वळली आणि मोबाइल पुढं सरकवला.

"पोरगी घाबरलीय, काही बी बोलतीया. ये मेरे मरद हैं. महबूब."

काउंटरवरचा माणूस आमच्या सगळ्यांकडं बघत राहिला. त्याला संशय आला होता, मला दिसत होतं. पण त्याला आमच्या बोलण्यावरून काही ठरवायचंच नव्हतं. तो उठला, कॅमेरा घेऊन स्ट्रेचरपाशी गेला आणि अप्पांच्या चेहऱ्यावर धरला. हिरवी खूण आली. 'महबूब. ओळख पटली.' त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

ऑपरेशन झालं. अप्पा वाचले. आयसीयूत एकाच माणसाला पास, तोही पत्नीला. चाची आत जायची आणि आई बाहेर बाकावर बसायची. चाची बाहेर आली की आई विचारायची, डोळे उघडले का, पाणी पिले का, काय बोलले? चाची एकेक सांगायची. पहिल्यांदा शुद्ध आली तेव्हा नर्सनं विचारलं होतं, काका, तुमचं नाव काय? अप्पा म्हणाले, महबूब. हे सांगताना चाची भिंतीला धरून रडली. ते हुशारीनं बोलले की गुंगीत, आम्हाला कळलं नाही. नंतरही मी त्यांना ते विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

चाचीचा गुरुवार धावपळीत हुकला होता. ऑपरेशननंतर त्या घागरीत काही उरलं आहे का, हे विचारायला कुणाची जीभ उचलली नाही. गुरुशांतकाका आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "आमच्या हिच्या नावावर सरदारबीला बसवू की."

"तिचा चेहरा मशीनला केव्हाच पाठ झालाय, काका," मी म्हणाले.  आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडं वाटून द्यायला माणूस नव्हता.

सोमवारी अप्पांना वॉर्डात हलवलं. आता आईला त्यांच्याजवळ येता आलं, पण वॉर्डच्या नर्सपुढं ती पेशंटची बहीण होती. मी सकाळीच चाचीला म्हटलं होतं, चल, आजचं डायलिसिस मी भरते. ती म्हणाली, आधी सिदूभाईंची बाहेरची औषधं आण. पुढचं पुढं. धर्मादाय केंद्रात मी तिचं नाव घातलं होतं, पण नंबर लागायचा होता. एक-दोनदाचे पैसे मी कुठूनही आणले असते. विम्याचं नवं वर्ष लागेपर्यंतचे, म्हणजे एप्रिलपर्यंतचे, कुठून आणणार होते?

फोन वाजला. बुधवार नव्हता, तरी तीच बाई. अप्पांच्या हाताला सलाइन होतं, म्हणून मी स्पीकर लावून फोन उशीवर ठेवला.

"महबूब सर, ऑपरेशन छान झालं असं कळलं. खूप आनंद झाला. एक माहिती द्यायची होती सर. आपल्या कुटुंबाची या वर्षाची रक्कम पूर्ण वापरली गेली आहे. एप्रिलपासून नवीन वर्ष सुरू होईल."

अप्पांनी डोळे मिटले. मग उघडले आणि चाचीकडं बघितलं. ती खिडकीशी स्टुलावर बसली होती. तिचा चेहरा पहाटेपासून फुगत चालला होता.

"बाय," अप्पा म्हणाले, "माज्या बायकोचं काय? आज तिचा दिवस हाय."

आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं ते ऐकलं. तिनं मान वर केली नाही.

"त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सर. आपण स्वतःची काळजी घ्या. आता काही दुखतंय का?"

"न्हाय," अप्पा म्हणाले. "काय न्हाय."

फोन बंद झाला. आई चाचीपाशी गेली, खाली बसली, तिचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. "नक्को केराक्का," चाची म्हणाली आणि पाय ओढून घ्यायला लागली. आईनं सोडला नाही. अंगठा ठेवला, दाबला आणि काढून घेतला.

खळगा पडला. आम्ही तिघी त्याच्याकडं बघत राहिलो. तो भरत नव्हता.